मुंबई विरुद्ध पुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाढलो दादरला, संसार झाला पुण्यात. दादरच्या लोकांना मी पुणेकर वाटतो आणि पुण्याच्या लोकांना अजून मुंबईचा. लग्नाच्या पंगतीत, गाडीत आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

हे भांडण खरं आहे की नुसती थट्टा?

दोन्ही आहे, फक्त विषय वेगळे आहेत. थट्टा चालते स्वभावावरून. मुंबईकर घाईत असतो, पुणेकर दुपारी झोपतो, मुंबईकराला बोलायला वेळ नाही, पुणेकराला बोलल्याशिवाय करमत नाही, वगैरे. ही थट्टा दोन्ही बाजूंना आवडते, नाहीतर इतकी टिकली नसती. खरं भांडण झालं ते पाण्यावरून, विजेवरून, गाड्यांच्या वेळांवरून आणि कारभार कुठून चालायचा यावरून. थट्टेत कधी हा वरचढ, कधी तो. भांडणात मात्र किंमत मोजली ती बहुतेक वेळा मधल्या मावळ-मुळशीनं. म्हणून पुढं या पट्ट्याचं नाव बरेचदा येईल.

सुरुवात कुठून झाली?

लोक डेक्कन क्वीनपासून धरतात, मी १७३९ पासून धरतो. त्या वर्षी चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि मुंबई बेटावरच्या इंग्रजांचं धाबं दणाणलं. पुण्याची फौज दाराशी आली होती, मध्ये राहिली होती एक खाडी. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोटाच्या तटाबाहेर खंदक खणायला घेतला. मुंबईत खोदकाम पुढं कधी थांबलं नाही, पण पुण्याच्या भीतीनं झालेलं असं ते एवढंच.

दुसरा अंक १७७९ चा, आणि तो मला जास्त आवडतो. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादा पेशवाईतून बाहेर फेकले गेले आणि इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबई सरकारनं ठरवलं की दादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज निघाली. पनवेलला उतरून, बोरघाट चढून, तोफा आणि सामानाचे हजारो बैल ओढत तळेगावला पोचायला तिला जानेवारी उजाडला. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी खालापूरच्या टोलनाक्यावर अडकलेल्या कोणालाही या फौजेबद्दल थोडी सहानुभूती वाटेल.

नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांनी समोरासमोर भिडण्याची घाई केलीच नाही. चारा जाळला, रसद तोडली, वाटेतली गावं उठवली. इंग्रज तळेगावात शिरले तेव्हा गाव रिकामं होतं आणि पेटलेलं होतं. पुणं तिथून एका दिवसाच्या मजलेवर, पण पोटात अन्न नाही. जड तोफा तळ्यात ढकलून फौज रातोरात माघारी फिरली आणि वडगावला कोंडली गेली. तिथं तह झाला. मुंबई सरकारनं घेतलेला मुलूख परत द्यायचं कबूल केलं, जे कलकत्त्याच्या वरच्या साहेबांनी नंतर झुगारून दिलं.

या मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट नावाचा एक इंग्रज अधिकारी तोफेच्या गोळ्यानं गेला. गडी इतका धाडसी, की मराठी फौजेनं त्याचं नाव ‘इष्टुर फाकडा’ ठेवलं होतं. त्याची कबर वडगावात आहे. पुणेकर मुंबईकराचं मनापासून कौतुक करतो ते असं, तो गेल्यावर.

पुणं जिंकलं, मुंबई हरली. तळेगाव जळालं.

मग पुणं मुंबईच्या हाताखाली कधी गेलं?

१८१८ मध्ये. पेशवाई संपली आणि कालपर्यंत राजधानी असलेलं शहर मुंबई इलाख्यातलं एक जिल्ह्याचं ठाणं झालं. पुण्याच्या बोलण्यात जी एक ठसठस आहे ना, ती मला इथली वाटते. सत्ता दिल्लीला किंवा लंडनला गेली असती तर एक वेळ चाललं असतं. ती घाटाखाली गेली, जिथं काल-परवापर्यंत आपल्याला घाबरून खंदक खणत होते.

पण गंमत पुढं आहे. मुंबईचा पावसाळा साहेबाला सोसवेना. मग गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवायचा. गणेशखिंडीत त्याच्यासाठी टॉवर असलेला प्रशस्त वाडा बांधला, तो १८७१ च्या सुमारास पुरा झाला. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. कौन्सिलच्या पावसाळी बैठका पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये व्हायच्या. म्हणजे वर्षातले काही महिने मुंबई इलाख्याचा कारभार पुण्यातून चाले. ‘आमच्याकडची हवा’ हा विषय पुणेकर इतक्या अधिकारानं का काढतो, याचं हे सरकारी कारण.

शिक्षणाचं मात्र उलटं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. पुण्याची डेक्कन आणि फर्ग्युसन ही कॉलेजं त्यालाच जोडलेली होती. टिळक, आगरकर, गोखले, सगळ्यांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. पुण्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला १९४९ साल उजाडलं, आणि त्याचे पहिले कुलगुरू झाले बॅरिस्टर मु. रा. जयकर. मुंबईचे.

काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, हे खरं का?

खरं आहे. डिसेंबर १८८५ मध्ये पुण्यात भरायचं ठरलं होतं, सार्वजनिक सभेनं यजमानपणाची तयारीही केली होती. ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली आणि सगळा कार्यक्रम मुंबईला, गोवालिया टँकच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवला गेला. २८ डिसेंबरला ७२ प्रतिनिधी जमले आणि इतिहासात नाव मुंबईचं लागलं. पुण्याला ही संधी परत मिळाली ती १८९५ मध्ये, आणि तेव्हा पुणेकरांनी आपसात इतकं भांडण केलं, की मुंबईला काही करावंच लागलं नाही. समाजसुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरवायची की नाही, हा वाद होता. शेवटी नाही भरली.

सार्वजनिक गणपती आधी कोणाचा?

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा आहे असं समजून लोक विचारतात. प्रत्यक्षात तो पुण्याचा पुण्याशी आहे. टिळकांनी १८९३ मध्ये उत्सवाला चालना दिली असं शाळेत शिकवतात. भाऊसाहेब रंगारी यांच्या मंडळाचं म्हणणं, आमचा १८९२ चा. २०१७ मध्ये शतकोत्तर रौप्यमहोत्सव कोणत्या वर्षी धरायचा यावरून पुण्यात जे रण पेटलं, त्यात मुंबईचं नावही कोणी घेतलं नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीचा गणपतीही १८९३ चाच. तो शांतपणे, शाडूच्या छोट्या मूर्तीनं आणि पालखीतून आपला उत्सव करत असतो. इतका शांत, की मुंबईतल्याच निम्म्या लोकांना तो माहीत नाही.

तुलना करायचीच तर अशी करा. पुण्यात क्रम महत्त्वाचा. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे पाच मानाचे, त्यांच्या आधी लक्ष्मी रस्त्यावर कोणी पाय टाकायचा नाही. मुंबईत रांग महत्त्वाची. लालबागचा राजा १९३४ चा, मानाच्या यादीत कुठंच बसत नाही, आणि त्याच्या नवसाच्या रांगेत माणसं रात्रभर उभी राहतात. ढोल-ताशा पथकं हा पुण्याचा प्रकार. शाळांच्या पटांगणांवर सराव करून तयार झालेला, झेंडे आणि बर्च्यांसकट. आता मुंबईच्या आगमन सोहळ्यांत तेच ढोल वाजतात. पुण्यानं मुंबईला दिलेली ही एकमेव गोष्ट असेल जिच्याबद्दल मुंबईत कोणी कुरकुर केली नाही, गिरगावातल्या काही आजोबांचा अपवाद सोडून.

क्रिकेटमध्ये मुंबई आणि महाराष्ट्र असे वेगळे संघ कसे?

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगणं महाकठीण. राज्याची राजधानी मुंबई, पण ‘महाराष्ट्र’ नावाच्या रणजी संघात मुंबई नाही. तिचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि महाराष्ट्राचं मुख्यालय पुण्यात. भरीला दोन्ही संघटनांचं लघुरूप एकच, एमसीए. फोन केलात तर आधी विचारून घ्या.

आकड्यांत मुंबईपुढं कोणीच उभं राहत नाही. २०२४ मध्ये मुंबईनं बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक नेला. महाराष्ट्राकडे दोन आहेत, प्रा. दि. ब. देवधरांच्या काळातले, १९३९-४० आणि १९४०-४१. पण पुणेकर क्रिकेटमध्ये बेरीज मोजत नाही, प्रसंग मोजतो. आणि प्रसंग त्याच्याकडे आहेत.

१९४८-४९ चा हंगाम बघा. डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. उपाहाराची वेळ झाली आणि काठियावाडच्या कप्तानानं सामना सोडून दिला. संघ आवरून निघून गेला! पुण्यातल्या जुन्या क्रिकेटवाल्यांना हे सांगताना आजही राग येतो, जणू काल घडलंय. त्याच हंगामात त्याच शहरात मुंबई उपांत्य सामन्याला आली. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. एका प्रथमश्रेणी सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे कुठंही झालेल्या नाहीत. चौथ्या डावात सहाशे करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. पहिल्या डावात अडीचशेच्या जवळपास आघाडी हातात असताना मुंबईनं दुसऱ्यांदा सातशे केले, त्याला मुंबईत ‘खडूस’ म्हणतात आणि ही शिवी समजली जात नाही.

हिशेब थोडा चुकता झाला तो २०१३-१४ मध्ये. महाराष्ट्रानं उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला हरवलं, तेही वानखेडेवर. पुढं अंतिम सामना कर्नाटकाकडून गेला, पण त्या वर्षी पुण्यात अंतिम सामन्याबद्दल फार कोणी बोलताना मी ऐकलं नाही.

आणि आयपीएल?

पुण्यात हा विषय जेवणानंतर काढा. २०१७ मध्ये पुण्याच्या संघानं मुंबई इंडियन्सला साखळीत दोनदा हरवलं, पहिल्या क्वालिफायरमध्ये तिसऱ्यांदा हरवलं. मग हैदराबादला अंतिम सामना. मुंबई १२९, पुणे १२८.

एका धावेनं.

आणि त्यानंतर संघच बंद झाला, कारण मुळात तो दोन वर्षांपुरता होता. मालक कोलकात्याचे, त्याआधीचा पुणे वॉरियर्सही लखनौच्या सहाराचा. मुंबईच्या मित्रांचं म्हणणं, पुणेकरांनी स्वतःच्या खिशाला हात घातला असता तर संघ राहिला असता. याला पुणेकराकडे उत्तर आहे, पण ते लांब आहे.

डेक्कन क्वीन नक्की कोणाची?

पुण्याची. इथं मी तटस्थ नाही.

गाडी १ जून १९३० ला सुरू झाली ती मुंबईच्या श्रीमंतांसाठी. त्यांना शनिवार-रविवार पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना यायचं असे. म्हणजे जन्मानं ती मुंबईचीच. पण पुढं वेळापत्रक फिरलं आणि तिच्याबरोबर मालकीही. सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते, साडेदहाच्या आत सीएसएमटी. संध्याकाळी पाच दहाला परत. ही नोकरीची वेळ आहे, आणि नोकरी करणारा पुणेकर आहे. मंत्रालय, बँका, हायकोर्ट, विमा कंपन्या, सगळीकडे पुण्याहून रोज ये-जा करून निवृत्त झालेली माणसं सापडतील. मुंबईकर या गाडीत बसतो तो पाहुणा म्हणून.

पासधारकांच्या डब्यात एकदा बसून बघा. जागा ठरलेल्या. शिवाजीनगर जाईपर्यंत पेपर वाटून होतो, पुरवण्या वेगळ्या, कोडं वेगळ्याकडे. पत्ते निघतात. डायनिंग कारमधून चीज टोस्ट आणि ऑम्लेट येतं. नवख्या माणसानं खिडकीची जागा धरली तर त्याला कोणी उठवत नाही. फक्त शेजारचे काका तिकिटाकडे, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिकिटाकडे बघतात. माणूस आपणहून उठतो. १ जूनला पुणे स्टेशनवर गाडीचा वाढदिवस होतो, इंजिनाला हार घालतात, केक कापतात. मुंबईत लोकलचा वाढदिवस कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि करायला वेळ तरी कोणाला आहे?

परतीच्या वाटेवर कर्जतला गाडी थांबते ती मागं जादा इंजिनं लावायला. बोरघाटाचा चढ सदतिसात एक असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. पुढच्या इंजिनानं ओढायचं आणि मागच्या बँकरनं ढकलायचं, तेव्हा गाडी लोणावळ्याला पोचते. ती इंजिनं लागेपर्यंत फलाटावर दिवाडकरांचा वडा. कागदात दोन वडे, वर लाल कोरडी चटणी, हाताला चटका. पुणेकर आणि मुंबईकर यांच्यात ज्या एका गोष्टीवर मतभेद नाहीत, ती हीच.

दुपारी एक ते चार दुकान बंद. खरंच?

होतं. आता पुष्कळ कमी झालंय. चितळ्यांनीही काही वर्षांपूर्वी दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि त्याची पेपरात बातमी झाली. दुकान उघडं राहण्याची बातमी होणारं शहर आमचं. बाकी सकाळी लवकर उघडायचं, दुपारी घरी जाऊन जेवायचं, रात्री उशिरापर्यंत बसायचं, ही गावोगावच्या बाजारपेठेची जुनी पद्धत. फरक एवढाच, की पुण्यानं तिची पाटी लावली.

वडापाव की मिसळ?

वडापाव मुंबईचा, वाद नाही. दादर स्टेशनबाहेरचा, गिरणीच्या पाळीला उभ्याउभ्या खाता येणारा. मिसळीवर पुणं हक्क सांगतं तेव्हा कोल्हापूर आणि नाशिक हसतात, त्यामुळे मी त्यात पडत नाही. चहाचं सांगतो. मुंबईचं कटिंग म्हणजे इराण्याची किंवा टपरीची सोय. पुण्याचं अमृततुल्य हे पितळी भांड्यात, वेलची-आलं ठेचून, गिऱ्हाइकासमोर उकळतं. आणि हा अस्सल पुणेरी चहा पिढ्यान्‌पिढ्या करत आले राजस्थानातून आलेले लोक. हे पुणेकराला सांगू नये. त्याला माहीत असतं, पण सांगू नये.

‘मुंबईनं आमचं पाणी पळवलं’ असं पुण्यात का म्हणतात?

इथं थट्टा संपते.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस खरं तर पूर्वेकडे वाहायचा. मुळा, इंद्रायणी यांतून भीमेला, भीमेतून कृष्णेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांनी ओळखलं, की हेच पाणी माथ्यावर अडवून पश्चिमेला कोकणात सोडलं तर पाचेकशे मीटर खाली पडताना त्यातून वीज होईल आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाशिवाय चालतील. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं, लोणावळा-वळवणच्या तलावांच्या पाण्यावर. मग भिवपुरी. आणि १९२७ मध्ये भिरा, ज्याचं पाणी मुळशीच्या धरणातलं.

मुळशीचं खोरं म्हणजे आंबेमोहर तांदळाचं खोरं. धरणासाठी पन्नासेक गावांच्या जमिनी जायच्या होत्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बायाबापड्या कामाच्या जागी जाऊन बसल्या. पां. म. बापट यांना ‘सेनापती’ हे नाव मिळालं ते याच लढ्यात. जगात धरणाविरुद्ध झालेल्या पहिल्या संघटित लढ्यांपैकी हा एक, आणि तो तीन वर्षं चालून मोडला.

मोडला कसा, हे पुण्यात कमी सांगतात. जमिनी कसणारे मावळे होते, पण बऱ्याच जमिनी गहाण किंवा मालकीनं पुण्यातल्या सावकारांकडे होत्या. मोबदल्याचा आकडा वाढला तसा सावकारांचा सत्याग्रहातला रस कमी झाला. वीज मुंबईला गेली, पैसे पुण्याला आले, आणि मुळशीच्या माणसाला मिळालं धरणाच्या काठावरून आपलं गाव कुठं होतं ते दाखवणं. त्यातले कित्येक मुंबईलाच गेले, हमालीला.

आज खडकवासला साखळीतली धरणं आटली की पुण्यात मागणी उठते, मुळशीचं पाणी पूर्वेकडे वळवा. मागणी रास्त आहे. फक्त ती करताना ‘आमचं पाणी’ म्हणणाऱ्या पुण्याशी दौंड-इंदापूरचे शेतकरी नेमक्या याच शब्दांत भांडत असतात.

मुंबईकर पुण्यात घरं का घेतात? आणि पुणेकरांना त्याचा त्रास का होतो?

घेतात कारण परवडायचं. गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली विकून कोथरूडला दोन खोल्या, हॉल, गॅलरी असं घर यायचं आणि थोडे पैसे उरायचे. निवृत्तीनंतर पुणं, हा मुंबईतल्या मराठी कारकुनाचा जुना बेत. माझ्या सासरच्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांपैकी निम्मे परळ-लालबागचे आहेत, आणि पुण्याच्या रिक्षावाल्यांबद्दल सगळ्यात कडवट तेच बोलतात.

हिंजवडीनं दिशा बदलली. आता तरुण मुंबईकर नोकरीसाठी वर येतो. शुक्रवारी संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली बघा. पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा, ‘सायन, चेंबूर, वाशी’ ओरडणारे एजंट, आणि सोमवारी पहाटे हीच माणसं डोळे चोळत उलट दिशेनं. दोन शहरांत राहणारी ही पिढी कोणत्या बाजूची, हे तिला विचारलं तर ती भाड्याचा आकडा सांगते.

पुणेकरांचा त्रास दरांबद्दल आहे. तो बोलून दाखवतो मात्र ‘संस्कृती’बद्दल.

कला-संस्कृतीत कोण पुढं?

पुण्यात तयार होतं, मुंबईत विकलं जातं, असं पुणेकर म्हणतो. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तिथं शिकलेले नट-दिग्दर्शक पहिल्या गाडीनं मुंबईला गेले. पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा गाजवलेल्या मुलांचंही तेच. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून पुण्याचा, आणि तिथल्या श्रोत्यांची दाद मिळाली की गवई पास, हे मुंबईचे गवयीही मानतात. पण मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, १८३२ मध्ये मुंबईत निघालं. ‘केसरी’ त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी. हे मी सासऱ्यांना एकदाच सांगितलं. त्यांनी विषय ‘केसरी’च्या खपाकडे नेला.

वाहतूक कोणाची वाईट?

मुंबईची गर्दी वाईट, पुण्याची वाहतूक वाईट. मुंबईत लोकल आहे म्हणून शहर चालतं. पुण्यात दुचाकी आहे म्हणून प्रत्येक जण स्वतःपुरता चालतो. मेट्रो मुंबईत २०१४ मध्ये आली, पुण्यात २०२२ मध्ये. आणि २०२१ मध्ये २३ गावं घेतल्यावर क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईपेक्षा मोठी झाली. ही गोष्ट पुण्यात अभिमानानं सांगतात, त्या गावांतले लोक सोडून. ते अजून टँकरची वाट बघतायत.

नागपूर, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरकरांना याबद्दल काय वाटतं?

कंटाळा येतो. हे भांडण जुन्या मुंबई इलाख्यातलं आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं, मराठवाडा निजामाकडे होता, कोल्हापूरला स्वतःचा छत्रपती होता. तुमची डेक्कन क्वीन आणि तुमची मिसळ यात त्यांचा संबंध काय? नागपूरचा माझा एक मित्र म्हणतो, तुमी दोघं भांडा बे, आमच्या अनुशेषाचं तेवढं बघा.

मधल्या गावांना कोणी विचारतं का?

रस्ता करायचा असतो तेव्हा विचारतात. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा एक्स्प्रेस वे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि दोन शहरं तीन तासांवर आली. मावळातल्या माणसाला मात्र रस्त्यापलीकडचं आपलंच शेत गाठायला भुयारी मार्ग शोधावा लागला. गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम मावळात, लोणावळ्याचे बंगले मावळात, पवना धरण मावळात. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी एक्स्प्रेस वेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. त्या दिवशी टीव्हीवर बराच वेळ चर्चा चालली होती, ती वाहतूक किती खोळंबली याची.

मुंबईहून पुण्याला कायमचा राहायला येतोय. काय सांभाळू?

स्वेटर आणा, डिसेंबरात लागतो. घर घेण्याआधी उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येतं हे बिल्डरला न विचारता खालच्या किराणा दुकानदाराला विचारा. पत्ता विचारलात तर शेवटपर्यंत ऐकून घ्या, मध्येच ‘हां हां, कळलं’ म्हणून निघालात तर पुढच्या चौकात परत विचारावं लागेल. शेजारचे काका ‘मुंबईचे का?’ विचारतील, ‘हो’ म्हणा, आणि लगेच पुण्याच्या हवेबद्दल काहीतरी चांगलं बोला. ‘आमच्या मुंबईत’ या दोन शब्दांनी पहिले सहा महिने कोणतंही वाक्य सुरू करू नका. त्यानंतर करा, कारण तोवर तुम्हाला सोसायटीच्या कमिटीवर घेतलेलं असेल आणि तिथं भांडायला मुंबईचा माणूस लागतोच.